जपानी सून

माझ्या चिंध्यांच्या बाहुल्याला जपानी बायको मिळाली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि पारोळ्याच्या आमच्या गल्लीत माझ्याइतकी मिरवणारी वरमाय दुसरी नव्हती. साठ-पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. बाहुल्याचा एक कान उंदराने कुरतडलेला, डोळ्यांच्या जागी शर्टाच्या दोन गुंड्या, त्याही वेगवेगळ्या. पण मुलाकडची बाजू ती मुलाकडची.

नवरी दोन घरं सोडून राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची. तिचे वडील, म्हणजे नाना, ट्रक चालवायचे, रुईच्या गाठी घेऊन मुंबईला जायचे. तिथून त्यांनी लेकीसाठी ती आणली होती. पत्र्याचं अंग, सेल्युलॉइडचा गुलाबी चेहरा, पाठीत किल्ली. किल्ली दिली की टकटक चालायची आणि चार पावलांनी मान वळवून मागे बघायची. तिचा खोकासुद्धा रंगीत होता, त्यावर जपानी अक्षरं. मैत्रीण तिला कुणाच्या हातात देत नसे. मला तेवढी देई.

लग्न मीच जमवलं. ज्वारीच्या दाण्यांच्या अक्षता, डालड्याच्या डब्यावर वाजंत्री, गूळ-शेंगदाण्याची पंगत. पाठवणीला मैत्रीण खरंच रडली. नवरी चार दिवस माझ्याकडे राहील आणि मग परत जाईल, असं ठरलं होतं. चार दिवसांनी ती न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, दिलेली लेक अशी लगेच परत नेतात का? मोठ्या बायकांचं बोलणं मला तोंडपाठ होतं. तिनेही तेच ऐकलेलं, त्यामुळे तिला ते पटलं.

पावसाळ्यात तिचे वडील गेले. घाटात ट्रक उलटला. आईबरोबर मीही भेटायला गेले होते. बाहुलीचा विषय निघाला नाही, म्हणून मला बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

पुढच्या वर्षी आखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आखाजीच्या आदल्या दिवशी मैत्रीण आमच्या ओट्यासमोर उभी राहिली. हातात सांजोऱ्यांचा डबा आणि डोक्यावर वडिलांची टोपी. टोपी तिच्या भुवयांपर्यंत उतरली होती.

"मी मुराळी शे," ती म्हणाली. "आमनी पोरले आखाजीले धाडा."

ओट्यावर चार-पाच पोरी बसल्या होत्या. त्या नसत्या तर कदाचित मी दिली असती. पण बघणारं कुणी असलं की माझ्या अंगात यायचं. मी खांद्यावरचा पंचा पदरासारखा डोक्यावर घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "घरमा बठ्ठं काम पडेल शे. पुढना सालले दखू."

पोरी खो खो हसल्या. ती हसली नाही.

"दोनच दिन. नानानी आनेल शे ती."

"आते ती आमनी शे," मी म्हणाले.

तिने डबा ओट्यावर ठेवला. रीत म्हणजे रीत, व्याह्यांकडे आणलेलं परत न्यायचं नसतं. टोपी काढून हातात धरली आणि गेली. सांजोऱ्या आम्ही तिथल्या तिथे संपवल्या. फार छान झाल्या होत्या.

महिन्याभरात तिची आई मुलांना घेऊन माहेरी, भडगावला राहायला गेली. त्या दिवशी मी परसात लपून बसले होते. मग बाहुली माझी झाली, अगदी माझी एकटीची, आणि मला तिच्याशी खेळताच येईना. ती मान वळवून मागे बघायला लागली की मला कसंसंच व्हायचं. मी तिला खोक्यात घातलं आणि दोरीने बांधून टाकलं. माझ्या लग्नानंतर ट्रंकेतून ती धुळ्याला आली. मैत्रिणीला भडगावातच दिल्याचं कानावर आलं होतं. धुळ्याहून भडगाव काय, एसटीने दोन-अडीच तास. मी गेले नाही. आधी मुलं लहान होती, मग मोठी होती, मग नातवंडं. कारणं सापडत गेली.

मागच्या वर्षी पुतण्याच्या ओळखीने पुण्याचे एक गृहस्थ आले. जुनी खेळणी जमवतात. त्यांनी हातमोजे घालून ती उचलली, डोळ्याला भिंग लावलं आणि खूश होऊन म्हणाले, "काकू, हिच्याशी कुणी खेळलेलंच नाही! म्हणून तर किंमत आहे." ह्यांच्या वर्षभराच्या पेन्शनइतका आकडा त्यांनी सांगितला. माझे गुडघे बदलायचे होते. मी हो म्हटलं.

पैसे हातात आल्यावर मात्र झोप लागेना. अर्धे मोजून पाकिटात घातले आणि विचारत विचारत एकदाची भडगावला पोचले. मैत्रीण दोन वर्षांपूर्वीच गेली होती. दार तिच्या मुलीने उघडलं. मी कोण ते सांगितल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत तिने विचारलं, "मावशी, बाहुलीले लई उन्यात का?"

आणली नाही, विकली, असं मी सांगितलं आणि पाकीट पुढे केलं. तिने हात मागे घेतला.

"लेकना पैसा कोनी लेस का, मावशी?"

रागाने नाही म्हणाली. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली. मग चहा टाकला, शेजारी बसली आणि माझी समजूत घालावी म्हणून आईची आठवण सांगायला लागली. आखाजीला झोका बांधला की माय दरवर्षी आम्हा बहिणींना सांगायची, तुमची थोरली बहीण पारोळ्याला दिली आहे. आम्ही विचारायचो, ती का येत नाही? तर माय म्हणायची, "तिनी सासू भली शे. तिले इतला जीव लावस, म्हनीसन धाडत नही."

माझ्याबद्दल इतकं चांगलं जन्मात कुणी बोललं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.