अल ऐनच्या घरातली बंद खोली

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, वॉज युअर ओल्ड हाउस रिअली हॉन्टेड?" शाळेत तिला एक जुनी इंग्रजी कादंबरी लावली आहे. वारशाने मिळालेला मोठा वाडा, बंद खोली, भटकणारी मेलेली बाई आणि तिथे राहायला आलेली प्रेमात पडलेली मुलगी. मामाने तुम्हाला सांगितलं की अल ऐनला आपलंही असंच घर होतं. थोरला मागून ओरडला, "आजी डझन्ट बिलीव्ह इन घोस्ट्स!" मी हसले आणि विषय बदलला. पण प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, असं मी वर्गात मुलांना तेवीस वर्षं शिकवलं. म्हणून लिहिते आहे.

असल्या कादंबऱ्यांवर मी पुण्यात एम.ए. केलं होतं. बंद खोलीचा अर्थ काय, तिथे कोण कोंडलेलं असतं, कोंडणारा कोण असतो, यावर मला चांगले गुण मिळाले होते.

तुमच्या आजोबांना आखातात, दुबईजवळच्या अल ऐनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आम्ही अकरा वर्षं फ्लॅटमध्ये काढली आणि मग तो व्हिला घेतला. भाडं निम्मं होतं, कारण घराला मालक नव्हता, वारस होते. म्हातारे मालक वारले, त्यांच्या मागून सहा महिन्यांत त्यांची बायको गेली, आणि सहा भावंडांचं घर विकायचं की ठेवायचं यावर जमेना. तोवर भाड्याने द्यायचं ठरलं. अट एकच. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांच्या आईची, ती बंद राहील.

घराचा नातूर, म्हणजे राखणदार, पठाण होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, ऊपर उस कमरे में मत जाना. बुढ्ढी मम्मा का रूम है. जिन्न है उधर."

"जिन्नला भाडं भरायला सांग," आजोबा मला मराठीत म्हणाले.

मी तर अशा गोष्टींना हसतच असे. घरात माझी शिस्त होती. मसाल्याच्या डब्यांना लेबलं, औषधांना लेबलं, आणि कपाटात प्रत्येकाची एक प्लास्टिकची फाइल, तिच्यावर नाव, आत पासपोर्ट, सर्टिफिकेटं, फोटोंच्या सहा प्रती. आजोबांना स्वतःचा पासपोर्ट कुठे असतो हे ठाऊक नसायचं. मी बोट ठेवीन तिथे ते सही करत.

त्या वर्षी तुमची आई तेवीस वर्षांची होती. कॅनडाच्या एका विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता. सप्टेंबरला जायचं होतं आणि घरात सगळ्यांना आनंद होता. मलाही.

मे महिन्यात एका दुपारी मला वरून हसू ऐकू आलं. अल ऐनमधली दुपार म्हणजे रस्त्यावर चिटपाखरू नाही, घरोघर पडदे ओढलेले, नुसती एसीची घरघर. मी वर गेले. बंद खोलीचं दार उघडं होतं. किल्ली चौकटीच्या वर ठेवलेली असे, ती तुमच्या आईला सापडली होती. आत म्हातारीचा पलंग, गुंडाळलेले गालिचे, आणि पितळी खिळे ठोकलेली मोठी लाकडी पेटी. त्या पेटीवर मांडी घालून ती फोनवर बोलत होती. मराठीत. क्षणभर मला बरंच वाटलं, कारण एरवी मी मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मग तिने त्याचं नाव घेतलं. सप्टेंबरात विमानतळावर घ्यायला कोण येणार, घर कुठे बघायचं, असं ते बोलत होते.

मी त्याला ओळखत होते. तुम्हीही ओळखता, तो तुमचा बाबा. तेव्हा तो आजोबांच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये होता आणि नुकतीच त्याला कॅनडात नोकरी मिळाली होती. रत्नागिरीचा. दिवाळीला आमच्याकडे यायचा, कधी हात हलवत नाही. "काकी, आमच्या अम्मीने नारळाच्या वड्या धाडल्यात. तुमच्या अनारशांची बरोबरी नाही, पण पोटात जागा ठेवा." मला तो आवडायचा. सोज्वळ, कामसू, बोलायला गोड. तो मुसलमान होता. हे वाक्य मी तेव्हा कधीच उच्चारलं नाही. मी शिकलेली होते. शिकलेली माणसं अशी वाक्यं उच्चारत नाहीत, नुसती तशी वागतात.

मी पाय न वाजवता खाली आले. तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर मी कपाटातून तिची फाइल काढली, वर गेले आणि त्या पेटीत म्हातारीच्या कपड्यांखाली ठेवली. पेटीला कुलूप नव्हतं. दाराला लावलं, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

आता तुम्हाला समजेल असं सांगते. त्या काळी इथल्या व्हिसाचा शिक्का पासपोर्टात मारत, आणि त्यासाठी पासपोर्ट आठवडेच्या आठवडे ऑफिसच्या पीआरओकडे, म्हणजे सरकारी कागद करून आणणाऱ्या माणसाकडे, पडून राहत. घरोघरी हे चालायचं, कुणाला त्यात नवल वाटत नसे. तुमच्या आईने कॅनडाच्या व्हिसासाठी पासपोर्ट मागितला तेव्हा मी म्हणाले, "रिन्युअलला दिलाय. पीआरओकडे आहे."

"कधी मिळेल?"

"इन्शाल्ला, या आठवड्यात."

ती रोज विचारायची. मी रोज तेच सांगायची. तुमचा मामा जेवताना म्हणाला, "ताई, आईचं इन्शाल्ला म्हणजे खलास समज." सगळे हसले. ती पण हसली. आजोबा ताटात बघत राहिले. त्यांनी ऑफिसात एक फोन केला असता तर सगळं बाहेर आलं असतं. त्यांनी तो केला नाही आणि मला काही विचारलंही नाही. न विचारणं ही त्यांची मदत होती.

खोलीला कुलूप लागलेलं पाहून ती माझ्याकडे चौकशी करू शकत नव्हती, कारण मग ती तिथे जाते हे कळलं असतं. पण मला धीर नव्हता. ती नातुराकडून दुसरी किल्ली आणेल अशी भीती वाटायची. म्हणून एके दिवशी चहाच्या वेळी मी म्हणाले, "परवा दुपारी वर पावलं वाजत होती. तिकडे जाऊ नकोस बाई."

"आई, तू?" ती म्हणाली. "तू तर म्हणायचीस, जिन्न फक्त न शिकलेल्यांना दिसतात."

"माझ्या कानांनी ऐकलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, माझी. डॉक्टरला दाखवू या का, असं तिने आजोबांना हळूच विचारलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. तो एकटाच कॅनडाला गेला. विद्यापीठाने जागा दुसऱ्याला दिली. ती तेव्हा रडली नाही, फक्त सारखी म्हणायची, "माझंच नशीब. सगळ्यांचे पासपोर्ट येतात." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत असे.

मग वारसांचं जमलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी सहाही भावंडं आईचं सामान न्यायला आली. मला निरोप मिळाला तेव्हा मी शाळेत होते, घरी आले तेव्हा ती सगळी वर होती. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची किल्ली होती. मी अर्धा जिना चढले असेन. तेवढ्यात त्यांची थोरली बहीण खाली उतरली. काळा अबाया, डोळे रडून लाल, हातात प्लास्टिकची फाइल. फाइलवर माझ्या वळणदार अक्षरात तुमच्या आईचं नाव. लपवतानाही मी लेबल काढलं नव्हतं.

"मॅडम, धिस इज नॉट माय मदर्स," ती म्हणाली.

तिने पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, हॉलमध्ये उभ्या असलेल्या तुमच्या आईकडे पाहिलं आणि मला ओलांडून जाऊन तिच्या हातात दिला.

तुमच्या आईने मला एकच विचारलं. "किती दिवस?"

"चार महिने अकरा दिवस," मी म्हणाले. मला तारीख पाठ होती.

संध्याकाळच्या आत ती दुबईला, अल मनखूलला मैत्रिणीकडे गेली. तिथे नोकरी धरली, दोन वर्षं पैसे साठवले आणि कॅनडाला गेली. लग्न तिकडेच झालं. तुमच्या रत्नागिरीच्या आजी लग्नाला गेल्या, इकडून आजोबा गेले. मला बोलावणं नव्हतं. आजोबा वारले तेव्हा ती आली, मैत्रिणीकडेच उतरली, दोन दिवसांत परत गेली. मला म्हणाली, "तुम्ही औषधं वेळेवर घ्या." तुम्ही.

तर घर झपाटलेलं होतं का? होतं. पण म्हातारी बिचारी तिथे कधीच नव्हती. तिथे पावलं न वाजवता फिरणारी मी होते.

मला पश्चात्ताप लगेच झाला असं मी लिहू शकते, पण ते खोटं होईल. पहिली कितीतरी वर्षं मला राग होता. तिच्यावर नाही, त्याच्यावर. मला खात्री होती की दोन वर्षांत तो तिला विसरेल, आणि मग ती मला म्हणेल, आई, तुझंच बरोबर होतं. तो विसरला नाही. थोरल्याचा पहिला फोटो मला त्यानेच पाठवला. खाली लिहिलं होतं, काकी, नाक तुमचं आहे. मी त्याला उत्तर दिलं नाही.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. हे मी इंग्रजीत लिहू शकले असते, माझं इंग्रजी चांगलं आहे. पण मग तुम्ही स्वतःच वाचलं असतं. आता हे तुमच्या आईला वाचून दाखवावं लागेल. म्हणजे आजही मी तिच्या हातात कोणता कागद कधी पडावा हे ठरवतेच आहे. सवय जात नाही.

ती मध्येच थांबली असेल तर थोरल्याने बाबाला हाक मारावी, त्याचं मराठी माझ्यापेक्षा मोकळं आहे. आणि ती इथपर्यंत आली असेल, तर तिला विचारू नका, आजीला माफ केलंस का. मीही अजून विचारलेलं नाही.