टमाटरच्या बियांची पुडी

माझं माहेर धारचं. तिथे परसातल्या चांगल्या फळाचं बी धुवायचं, वाळवायचं आणि पुढच्या वर्षी तेच लावायचं. बी विकत आणायचं असतं, हे मला लग्नानंतर देवासला कळलं. इथल्या दुकानातल्या एका पाकिटातल्या बियांना असे सुरेख टमाटर लागले की कॉलनीतल्या बायका बघायला आल्या. मी माहेरच्या सवयीने त्यांचंच बी धरलं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सगळ्यांना वाटलं. कौतुक झालं, आणि मी ते मनापासून करून घेतलं.

पुढच्या संक्रांतीला शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, तुमच्या बियांचं काय झालं? एका झाडाला बोराएवढे टमाटर, दुसऱ्याला नुसता पाला."

आणखी दोघींनी माना डोलावल्या. पाणी कमी पडलं असेल, असं मी ठणकावून सांगितलं खरं, पण घरी आल्यावर आधी जुनं पाकीट शोधून काढलं. शाळेत बागकामाचा तास मी घेते, आणि माझंच बी खोटं ठरलं होतं.

ते घेऊन दुकान गाठलं. दुकानदार हसला. "भाभी, ये तो हाइब्रिड है. इसका बीज रखोगे तो हर पौधा अलग निकलेगा. बीज रखना है तो देसी लो. लिखा तो है पैकेट पे."

पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडणारी मी, आणि पाकीट कधी वाचलंच नव्हतं. त्या दिवशी दुकानातली सगळी पाकिटं उभ्या उभ्या वाचून काढली. हाइब्रिड की देशी, कधीपर्यंत चालेल, बियांना औषध चोळलंय का.

देशी बी घेऊन लावलं. टमाटर आले ते ओबडधोबड, पण चव थेट धारची. बी धरलं, पुड्यांवर 'देशी' आणि साल लिहिलं. संक्रांतीला पुन्हा वाटताना आधी मागची चूक कबूल केली. शेजारणीने पुडी घेतली, पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

यंदा हळदीकुंकू तिच्याकडे होतं. तिने कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातावर वाण ठेवलं, कागदाची पुडी. ती हिंदी शाळेत शिकलेली, मराठी लिहायचं तिच्या जिवावर येतं. तरी मराठीतच लिहिलं होतं, 'देशी टमाटर. वहिनींचं बी.' प्रत्येकीच्या हातात तशीच पुडी होती.

खोटं कशाला बोलू, अभिमानाने ऊर भरून आला. पुडी मी नीट वाचली, दोनदा, आणि शेजारी बसलेल्या बाईंनाही मोठ्याने वाचायला लावली.