गौराबाईची घागर आणि बॉयलरचं पाणी

"येळवशीनंतर आठ-धा दिस पुरंल एवढाच कोळसा हाय," अप्पा म्हणाले. "म्होरं जिन बंद. बायामाणसं घरी धाडायची. तुमालाबी."

अप्पा आमच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक. महायुद्धामुळे कोळशाच्या वॅगनी येईनाशा झाल्या होत्या, आणि येळवस, म्हणजे शेतात जेवायचा सण, वेळ अमावस्या, आठवड्यावर आली होती. मी तेर गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. ओळखदेख नसताना अप्पांनी मला इंजिनिअर म्हणून ठेवून घेतलं होतं. त्यांचा हंगाम बुडू नये, असं मला मनापासून वाटत होतं.

उपाय सापडला इंजिनघराच्या मागं. जिनवर कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या गौराबाईनं एक्झॉस्ट पाइपला टेकवून घागर ठेवली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"अंग धुवायचं पाणी, सायेब. कापूस लई खाजतुया. पाइप काय, तापल्यालाच असतुय की."

मी तिथंच थांबलो. इंजिन फिरवून झालेली वाफ गरमच असते. ती आम्ही या पाइपातून बाहेर सोडत होतो. बॉयलरला मात्र विहिरीचं गार पाणी देत होतो आणि ते तापवायला कोळसा जाळत होतो!

एक जुनी लोखंडी टाकी घेतली. तिच्यात वेटोळ्याचा पाइप बसवून त्यातून ही वाफ न्यायची, टाकीतलं विहिरीचं पाणी तिनं तापवायचं आणि मग ते पंपानं बॉयलरला द्यायचं ठरवलं. वाफ सरळ पाण्यात सोडली नाही, कारण तिच्यात इंजिनाचं तेल असतं. ते बॉयलरला चालत नाही.

येळवशीला सगळे अप्पांच्या शेतात भज्जी-आंबील खायला गेले. इंजिन बंद होतं, म्हणून मी आणि बॉयलरला कोळसा घालणारे फायरमन महबूबचाचा जोडणीला थांबलो. अप्पांनी आमची आंबील बिंदगीतून, म्हणजे लहान घागरीतून, पाठवली. संध्याकाळी गार पाण्यावर पंप चालवून पाहिला. झकास चालला.

सकाळी टाकीतलं पाणी तापलं आणि पंप खडखडू लागला. बॉयलरच्या काचेतली पाण्याची रेघ खाली उतरू लागली. पाणी फार खाली गेलं तर बॉयलर फुटतो. चाचांनी भराभर निखारे बाहेर ओढले.

"कोळसा वाचवा म्हणलं व्हतं," अप्पा दारातून म्हणाले. "तुमी इस्तूच इझवला व्हय?"

चाचा घाम पुसत म्हणाले, "साहब, गरम पानी नीचे से खिंचता नै. ऊपर से छोडो."

हे मी कॉलेजात शिकलो होतो. पंप ओढू लागला की गरम पाण्याची तिथंच वाफ होते आणि पंप रिकामा फिरतो. तरीही टाकी मी जमिनीवर ठेवली होती, पंप तिच्याहून उंच. परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले गुण होते.

अप्पांनी गडी लावून काळ्या दगडांचा उंच ओटा रचून घेतला. टाकी वर चढली, पाणी आपसूक पंपात उतरू लागलं. काचेतली रेघ जागेवर आली आणि तिथंच राहिली.

कोळसा कमी लागू लागला. उरलेल्या कोळशात अप्पांनी बाभळीचं सरपण मिसळलं आणि कापसाची शेवटची गाडी येईपर्यंत जिन चाललं. कुणाला घरी जावं लागलं नाही.

तक्रार एकच आली, गौराबाईची. "सायेब, पाइप गार झाला की वो! आमी काय विहिरीवर कुडकुडावं?"

मी टाकीला गरम पाण्याची एक तोटी बसवली. अप्पा कुरकुरले, "आता बॉयलरबी न्हाणार, अन् बायाबी." पण काढायला लावली नाही.

पुढं नोकरीत अनेक कारखान्यांत वाया जाणारी उष्णता वाचवली. प्रत्येक ठिकाणी आधी पाइपाच्या मागं जाऊन पाहिलं, तिथं कुणाची घागर आहे का.