खंडेनवमीचं चाक

मकबूलला राग आला की तो रेतीला शिव्या द्यायचा. माणसांना नाही. रेती उलटून बोलत नाही, मालकाकडे चहाडी करत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोंड फुगवून बसत नाही. त्यामुळे देविदासच्या कारखान्यातल्या त्या काळ्या ढिगाऱ्यानं मकबूलचं जेवढं ऐकून घेतलंय तेवढं त्याच्या बायकोनंही ऐकलं नसेल. रहिमाबी तर मुळीच ऐकून घेणाऱ्यातली नाही.

हिंगोलीतून औंढ्याकडे निघालं की गावाबाहेर हा कारखाना लागतो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, एका टोकाला भट्टी आणि बाकी सगळी रेती. तिथं लोखंड ओतून चाकं, पुल्या, पंपाची खोकी बनतात, आणि ओतायच्या आधी त्यांचा साचा लागतो. मकबूलची उभी हयात साचे करण्यात गेली. चाकाच्याच आकाराचा लाकडी पॅटर्न पेटीत ठेवायचा, त्यावर चाळलेली रेती घालायची, रॅमरनं ठोकून ठोकून घट्ट करायची, वरची पेटी तशीच भरायची, आणि मग पॅटर्न असा अलगद उचलायचा की रेतीला कळूसुद्धा नये. मागं उरलेल्या पोकळीत वितळलेल्या लोखंडाचा रस ओतला की झालं चाक. सांगायला हे इतकं सोपं आहे, म्हणूनच मकबूलला लोकांना सांगायचा कंटाळा. रेतीत पाणी थोडं कमी पडलं की साचा ढासळतो. थोडं जास्त झालं की उकळत्या रसाखाली त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट सापडत नाही, आणि चाकात भोक राहतं. या थोडं कमी आणि थोडं जास्तच्या मधे मकबूलचे केस पांढरे झाले.

या पावसाळ्यात रेतीनं त्याचा अगदी अंत पाहिला. शेडमध्ये ओल, हवेत ओल, पोत्यात ओल. नग निघायचे, घासायला गेले की भोक. देविदास आधी हसला, मग फुकट गेलेले नग मोजायला लागला आणि एक दिवस साचे करायचं मशीन घेऊन आला. मशीनवर बाबूसिंगला बसवलं. हा औंढ्याकडच्या तांड्यावरचा तरणा गडी, कामाला चलाख, बोलायला मोकळा, मकबूलला 'चाचा' म्हणून मान देणारा. तो वाईट नव्हता ही मकबूलची आणखी एक अडचण. वाईट असता तर निदान त्याच्यावर तरी चिडता आलं असतं.

दसऱ्याच्या तोंडावर डोंगरकडा गावच्या गुऱ्हाळवाल्याचं काम आलं. उसाच्या चरकाचं दातेरी चाक, मोठं, मशीनच्या पेटीत न मावणारं.

"चाचा, हे तुमचं," देविदास म्हणाला. "बिनभोकाचं निघालं तर हाताचं काम चालू ठिवू. न्हाई निघालं तर असे मोठे नग मी बाहेरून ओतून आनतो. तुमी मंग ग्राइंडिंगला बसा. काम कुठं जात न्हाई तुमचं. फक्त जागा बदलंल."

त्या 'फक्त' शब्दानं मकबूलच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ग्राइंडिंग म्हणजे दुसऱ्याच्या साच्यातून निघालेल्या नगांच्या कडा घासत बसायचं. आचाऱ्याला भांडी घासायला लावावं तसं. पण तो देविदासला काही बोलला नाही. रेतीजवळ जाऊन तिला बोलला.

मग त्यानं साचा केला, आणि असा केला की स्वतःचीच दृष्ट लागेल. रेती दोनदा चाळली. मुठीत दाबून, मूठ उघडून, पुन्हा दाबून बघितली. दात एकेक करून साफ केले, वाफ जायला सळईनं जागोजागी भोकं पाडली, आतून गॅसच्या ज्योतीनं हलकं शेकलं. वरची पेटी चढवल्यावर रस ओतायच्या तोंडावर डब्याचं झाकण पालथं घातलं, म्हणजे आत कचरा जायला नको. बाबूसिंग बघायला आला आणि म्हणाला, "चाचा, याला कुठून भोक पडंल आता?" मकबूलला बरं वाटलं, पण त्यानं रेतीलाच दोन शब्द सुनावले. सवय होती.

आता एक गोष्ट इथं सांगायला हवी. कारखान्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. ती करते देविदासची आई, पंचफुलाबाई. सगळे तिला माय म्हणतात. नवरा होता तेव्हापासून ती हे करत आलीय. मकबूलही दरवर्षी पूजेला असतो, रॅमर धुऊन पुसून रांगेत मांडतो, त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवतो. आजवर त्या दिवशी भट्टी पेटत नसे, साचे भरलेले नसत, त्यामुळे पूजेचा आणि रेतीचा कधी संबंधच आला नाही. यंदा मात्र गुऱ्हाळवाल्याला घाई. देविदासनं ठरवलं की पूजा उरकली की त्याच मुहूर्तावर चाक ओतायचं.

सकाळी माय आली. एका हातात ताट, दुसऱ्यात कलश. रॅमर, कुदळी, फावडी, मशीन सगळ्यांना हळदकुंकू लावत ती मकबूलच्या पेटीपाशी पोचली आणि थबकली.

"हे झाकून काहून ठिवलं रं मकबूल?"

"कचरा जातो, माय."

"झाकल्यालं कसं पुजावं?" म्हणून तिनं झाकण उचलून बाजूला ठेवलं. पेटीला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. आंब्याच्या डहाळीनं कलशातलं पाणी शिंपडलं. मग तिनं नारळ घेतला, पेटीच्या लोखंडी कडेवर आपटला आणि फुटता फुटता दोन्ही करवंट्या पेटीवर धरल्या. पाणी रेतीवर सांडलं, तोंडाच्या कडेनं पसरलं आणि रेतीनं ते पिऊन टाकलं.

मकबूलच्या ओठांवर वाक्य आलं होतं. माय, साच्यावर पाणी नका घालू. एवढंच. यात काय होतं? काहीच नव्हतं. पण भोवती सगळे हात जोडून उभे, दोघातिघांचे मोबाईल वर धरलेले, व्हिडिओ चाललेला. त्या व्हिडिओत मकबूलचा आवाज येणार, पाणी नका घालू. पुढं तो कुणाच्या फोनवर जाईल, कोण त्याचा काय अर्थ काढील? गेल्या काही वर्षांत तो असं बोलण्याआधी मोजून बघायला शिकला होता. कुणी शिकवलं नव्हतं. नरसीच्या जत्रेत, चहाच्या टपरीवर, बसमध्ये, आपोआप शिकला होता. आणि मायला वाईट वाटलं तर? तिच्यासमोर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. वाक्य त्यानं गिळलं.

माय पुढं सरकताच त्यानं फडक्यानं रेती टिपली आणि गॅसची ज्योत आणायला धावला. तोवर देविदासची हाक आली. भट्टीतला रस तयार होता, लेडल, म्हणजे रसाची लांब दांड्याची पळी, भरून दोघे जण येत होते.

"जरा थांबा, मालक."

"काहून?"

मकबूलनं देविदासकडं बघितलं. त्याच्या मागं माय उभी होती, हातात प्रसादाचं ताट. सगळे त्याच्याकडं बघत होते.

"काही न्हाई," मकबूल म्हणाला. "वता."

रस ओतला. तोंडापाशी जरासा खदखदला. बाकीच्यांना तो नेहमीसारखा वाटला.

दसरा झाल्यावर पेटी फोडली. चाक गार, दात सरळ, अगदी देखणं. फक्त तोंडाखालच्या कडेला, नारळाचं पाणी जिथं मुरलं होतं बरोबर तिथं, हरभऱ्याएवढं भोक. देविदासनं हातोडीनं टोकरलं तसं ते मोठं होत गेलं. आत सगळं पोकळ होतं.

"पुन्हा तेच," देविदास म्हणाला. तो चिडलासुद्धा नाही, आणि याचंच मकबूलला जास्त लागलं. "कशानं झालं, चाचा?"

अजूनही सांगता आलं असतं. आता व्हिडिओ नव्हता, माय नव्हती. पण मकबूलच्या मनात आलं, आता सांगितलं तर स्वतःची चूक झाकायला पूजेवर ढकलतो असंच वाटणार. त्या दिवशी गप्प बसलास आणि आज बोलतोस?

"रेती वली राह्यली आसंल," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं रेतीवर खोटा आळ घेतला.

घरी रहिमाबीला त्यानं खरं काय ते सांगितलं. तिनं हातातलं पीठ परातीत आपटलं. "मुंह में क्या था तुमारे?" तिनं घरातल्या दखनीत विचारलं. तो चिडून म्हणाला की काय सांगायचं होतं, तुमच्या पूजेनं चाक नासलं? ती म्हणाली, पूजेचं नाव कशाला, पाणी पडलं म्हणायचं. आणि पाणी कुणी टाकलं, असं देविदासनं विचारल्यावर, तो म्हणाला. रहिमाबीनं भाकरी अशी थापली की शेजारी ऐकू जावं.

मकबूल ग्राइंडिंगला बसला. दिवसभर ठिणग्या, दिवसभर कानठळ्या. डोळ्यावर चष्मा आणि नाकाला फडकं. शिव्या द्यायला आता रेतीही समोर नव्हती. कोपऱ्यातला त्याचा रॅमर कुणीतरी दार उघडं राहावं म्हणून टेकू लावायला घेतला होता. ते बघितलं की त्याला वाटायचं, उठावं आणि सगळं सांगून टाकावं. मग तो पुढचा नग घ्यायचा.

दिवाळीचा पाडवा आला. खंडेनवमीसारखंच पाडव्यालाही पहिला रस पूजा करून ओतायचं देविदासनं यंदा ठरवलं होतं. बाबूसिंगच्या मशीनचे साचे रांगेत मांडलेले होते. माय आली, ताट आणि कलश घेऊन. मकबूलनं ग्राइंडिंगचं मशीन बंद केलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

मायनं डहाळी कलशात बुडवली तेवढ्यात पेटी सरळ करता करता बाबूसिंग मान वर न करता म्हणाला, "ओ माय, तिकडून, तिकडून. साच्यावर पानी नका मारू, भोकं पडतेत चाकाला."

शेडमध्ये काहीच झालं नाही. कुणी दचकलं नाही. एकाचा मोबाईल वर होता, तो तसाच वर राहिला.

"व्हय का?" माय म्हणाली. "मंग आधी सांगायचं न्हाई का रं? मला काय ठावं." आणि तिनं कलश शेडच्या दाराशी उंबऱ्यावर रिता केला, नारळही तिथंच फोडला. एवढ्यावर विषय संपला.

प्रसाद वाटत ती मकबूलपाशी आली. त्याचे हात लोखंडाच्या भुकटीनं काळे होते, म्हणून तिनं खोबऱ्याचा तुकडा त्याच्या ओंजळीत न ठेवता कागदात गुंडाळून दिला. मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"मकबूल, साच्यावर पानी चालत न्हाई म्हनं. तुला ठावं होतं का रं?"

मकबूलनं तिच्याकडं बघितलं. ती खरंच विचारत होती. तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. ठावं होतं म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग बोलला काहून न्हाईस? त्याचं उत्तर त्या भोळ्या तोंडाला कोणत्या शब्दांत द्यायचं ते त्याला सुचेना.

"न्हाई, माय," उभी हयात साचे ठोकलेला मकबूल म्हणाला. "मला न्हाई ठावं."

"पाह्य बरं," माय म्हणाली. "बाबूसिंगला ठावं हाय."

ती पुढच्याला प्रसाद द्यायला गेली. मकबूलनं चष्मा खाली ओढला आणि मशीनचं बटण दाबलं.