भिकुबाईंचा घण

९ ऑगस्ट २०२३. मृत : एक. मागे राहिलेले : दोन.

मृत ते झुलाल लोहार. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी भिकुबाई आणि मुलगा प्रेमराज, जो नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करतो. हमरस्त्याच्या कडेला त्यांची भट्टी होती. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांपासून तेथे विळे घडत, आणि पंचक्रोशीत त्यांना झुलालचे विळे म्हणत.

विळा घडवायला दोघे लागतात. झुलाल बसून सांडशीत तापलेले लोखंड धरीत, फिरवीत आणि लहान हातोडीने एक ठोका देत. ठोका जेथे पडेल तेथे भिकुबाई उभ्याने घण घालीत. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली की थांबायचे. लग्न होऊन आल्यापासून त्या हे करीत आल्या. प्रेमराज पोटात असतानाही केले. लोखंड रुंदावले, वळले, धारेपाशी पातळ झाले ते त्यांच्या घावांनी. कोठे मारायचे हे मात्र त्यांना कधी ठरवावे लागले नाही, किंवा कधी ठरवू दिले गेले नाही. या दोहोंतला फरक त्या घरात कोणी शोधला नव्हता.

आषाढात पंडित नावाच्या शेतकऱ्याने ज्वारीच्या कापणीसाठी एक विळा सांगून ठेवला होता. तो घडण्यापूर्वीच झुलाल गेले. पंडितला दुसरीकडून घ्यायला सांगू, असे प्रेमराजचे म्हणणे पडले. भिकुबाईंनी ऐकले नाही. हा एक विळा आपल्या नजरेने व्हावा आणि आपला म्हणून शेतात जावा, एवढेच त्यांना हवे होते. मुलाला त्यांनी तसे सांगितलेही.

सुटीच्या दिवशी भट्टी पेटली. प्रेमराजने लोखंड ऐरणीवर धरले. भिकुबाईंनी घण उचलला आणि त्या थांबून राहिल्या. ठोका आला नाही. लाल लोखंड काळवंडले तरी घण खांद्यावरच. आईचे हात थकले असे मुलाला वाटले. त्याने लोखंड पुन्हा भट्टीत घातले आणि आज राहू दे म्हणाला.

"तू फक्त धरी ठेव," त्या म्हणाल्या. "कोठे मारनं, ते मी देखसू."

दुपारपर्यंत पाते वळले. पाणी देण्याआधी ते अखेरचे तापवले, तेव्हा प्रेमराजने लहानपणापासून पाहत आल्याप्रमाणे बापाचा टोच्या उचलला आणि पात्याच्या मुळाशी तीन टिंबे उमटवली. ती झुलालची खूण. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. विळ्यावर खूण असते, म्हणून त्याने केली. तापलेले पाते थांबत नाही. भिकुबाईंनी ते पाण्यात बुडवले. खूण कायमची झाली.

कापणीच्या तोंडावर पंडित आला. धारेची वस्तू हातात देत नाहीत, म्हणून भिकुबाईंनी विळा जमिनीवर ठेवला. त्याने उचलला, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, मग टिंबे पाहिली. आबांनी केलेला विळा इतके दिवस झाकून ठेवलात, विकायचा नव्हता की काय, अशी त्याने थट्टा केली. मग आवाज उतरला.

"आबा गयात, अक्का, पन हात ठेवी गयात."

प्रेमराजने आईकडे पाहिले. भिकुबाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही.

"धार बरी शे ना?" त्यांनी विचारले.

बरी शे, पंडित म्हणाला.

विळ्याचे पैसे पंडितने तेव्हाच दिले. तो कोणी घडवला, हे प्रेमराजने त्याला सांगायचे राहिले आहे.