ट्रेलरच्या दाराची कडी

सासूबाईंनी ट्रेलरला हळदकुंकू वाहिलं, मी ड्राइव्हवेच्या कडेला नारळ फोडला आणि जुना असला तरी माल कसा खणखणीत आहे हे घरच्यांना दाखवावं म्हणून ऐटीत दार ढकलून लावलं. दार छान लागलं. उघडायला गेलो तर हँडल माझ्या हातात आलं. एका हातात नारळाची वाटी आणि दुसऱ्या हातात हँडल अशा अवस्थेत मी थोडा वेळ हसत उभा राहिलो. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, ते फटीत घालून मी दार उघडलं आणि मग आम्ही सगळ्यांनी आत जाऊन प्रसाद खाल्ला.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढे कुणीतरी सांगेलच. मी तेव्हा डेट्रॉइटजवळ ट्रॉयला मोटारींच्या कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो आणि माझं काम होतं दारांच्या लॅचचं, म्हणजे दार अडकवून धरणाऱ्या खटक्याचं. मोटारीचं दार लाख वेळा आपटलं तरी लॅच निखळू नये, यासाठी मला पगार मिळत असे.

ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतला होता तो सासूबाईंसाठी. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. सासूबाई नाशिकला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या. बायकोचं एकच म्हणणं होतं, आईनं आता कायमचं आपल्याकडे यावं. ती सिटिझन झाली होती, आईच्या ग्रीन कार्डचं बघायला लागली होती. फक्त आईनं हो म्हणायचं बाकी होतं. आणि सासूबाई हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या. मेपासून त्या आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होत्या. त्या रस्त्यावरून माणूस जात नसे. दिवसातून एखादं कुत्रं जाई, तेही साखळीला.

"तिला कुठे फिरवलंच नाही आपण," बायको म्हणाली. "अमेरिका म्हणजे काय, हे ड्रायर आणि डिशवॉशर?"

बाहेरचं खाणं सासूबाईंना चालत नसे आणि मोटेलमधल्या पलंगावर कोण कोण झोपलं असेल या विचारानं त्यांना झोप येत नसे. तेव्हा स्वतःचा ओटा आणि स्वतःचं अंथरूण बरोबर घेऊन हिंडायचं, हा तोडगा मला सुचला. तो सुचल्याचा आनंद मला आठवडाभर पुरला. मग ते हँडल हातात आलं आणि मी पार्ट शोधायला निघालो.

ट्रेलर बनवणारी कंपनी इंडियानात होती आणि ती केव्हाच बंद पडली होती. डीलरकडे गेलो. त्यानं हँडल हातात घेऊन उलटंपालटं केलं, जणू मी त्याला जमिनीतून निघालेलं काहीतरी दाखवतोय, आणि म्हणाला, "हे आता कुणी बनवत नाही." दुसऱ्या डीलरनं हा सोडा, नवा ट्रेलरच घ्या म्हणून आग्रह केला. शनिवारमागून शनिवार मी जंकयार्ड पालथे घातले. गुडघाभर गवतात मेलेले ट्रेलर ओळीनं उभे असत आणि प्रत्येकाच्या दाराशी मी वाकून बघे. एकदा अगदी तस्संच लॅच सापडलं. धावतपळत घरी आणलं, तर ते डावीकडे उघडणाऱ्या दाराचं. माझं दार उजवीकडे उघडणारं. या धंद्यात आयुष्य काढून मला हे तिथे दिसलं नाही.

खिडक्यांचंही तेच. पाच खिडक्या, काचेच्या पट्ट्यांच्या, आणि त्या उघडायला फिरवायचं हँडल एकच. बाकीची चार आधीच्या मालकानं कुठे घालवली कोण जाणे. ते एक मी मोटारीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवलं, हरवू नये म्हणून. मागची मोठी खिडकी, आग लागली तर उडी मारून बाहेर पडायची, ती गळत होती. तिला मी चारी बाजूंनी इतकं सीलंट भरलं की पाणीच काय, हवासुद्धा आत यायची बंद झाली. संडासाचं घडीचं दार रुळावरून निखळलेलं. तिथे बायकोनं जुन्या साडीचा पडदा लावला.

राहिलं बाहेरचं दार. एक दिवस मी हताश होऊन गॅरेजमध्ये बसलो होतो, तेव्हा सासूबाई आल्या. जावयासमोर त्या कधी बसत नसत. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या ट्रंकेची कडी लावून बघा. चांगली जाड आहे."

पत्र्याची ती ट्रंक त्यांनी नाशिकहून आणली होती. मेतकूट, गोडा मसाला, मुलांचे फ्रॉक आणि सदरे तिच्यातून आले होते. मी कडी-कोयंडा स्क्रू काढून सोडवला आणि ट्रेलरच्या दाराला बाहेरून बसवला. आतून दार ओढून धरायला परकराची नाडी. बाहेर जाताना पितळी कुलूप. कॉलनीतले लोक बघत, पण दार लागत होतं. मी बायकोला निक्षून सांगितलं, "जो कुणी शेवटी बाहेर पडेल त्यानं कुलूप लावायचं. कॅम्पग्राउंड असो नाहीतर काही असो."

ऑगस्टमध्ये आम्ही मिशिगनच्या उत्तरेला एका तळ्याकाठी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध संपलं. बायको मुलांना घेऊन गावात जाणार होती. मी आणि सासूबाई तळ्यावर निघालो. थोडं चाललो आणि सासूबाईंना आठवलं की चष्मा आत राहिला. परत आलो. बायको तेव्हा मुलांना हातपाय धुवायला नळावर घेऊन गेली होती. सासूबाई चष्मा शोधत होत्या, म्हणून मी जरा बाकावर आडवा झालो. बाहेर मोटारीशी मुलांचं भांडण ऐकू आलं, पुढच्या सीटवरून. मग दार लोटल्याचा आवाज, कुलूप लागल्याचा आवाज, आणि ते नीट लागलंय ना म्हणून बायकोनं दोनदा ओढून बघितल्याचा आवाज.

लाज वाटते सांगायला, पण ते दोन हिसके ऐकून मला बरं वाटलं. घर नीट बंद झालं, आता निर्धास्त, असं वाटून मी कूस बदलली. मोटार सुरू होऊन गेली. मग मी उठून बसलो.

सासूबाई चष्मा हातात धरून उभ्या होत्या. "कुलूप लावलं का हो तिनं?"

"हो."

"चांगलं लावलंय," त्या म्हणाल्या. "ओढून बघितलंन."

मी दार ढकललं. खांदा लावला. मी बसवलेला कोयंडा तसूभर हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं एक लॅच तपासणीत पास झालं होतं. खिडक्यांकडे वळलो. हँडल किल्ल्यांबरोबर गावात गेलं होतं. मागच्या खिडकीचं सीलंट सुरीनं खरवडलं, सुरी वाकली. छताची छोटी झडप तेवढी उघडी होती, तिच्यातून मांजर गेलं असतं.

"हाक मारा ना कुणाला," सासूबाई म्हणाल्या.

शेजारच्या जागेत एक वयस्क अमेरिकन जोडपं होतं. तो गृहस्थ गळ घेऊन समोरून चालला होता. मी काचेवर टकटक केलं. 'हेल्प' म्हणून ओरडणं मला फार वाटलं. कुणी बुडत नव्हतं, काही पेटलं नव्हतं. मी हात हलवला. त्यानंही हात हलवला. मी जोरात हलवला. त्यानं टोपी काढून जोरात हलवली आणि तळ्याकडे निघून गेला.

"मोठा प्रेमळ आहे," सासूबाई म्हणाल्या.

पत्रा तापायला लागला. त्या ओट्याला टेकून उभ्या. त्या उभ्या म्हणून मीही उभा. दोघांच्या मध्ये दोन हातांची जागा. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच कधी एका खोलीत नव्हतो. बायको किंवा मुलं मध्ये असत, आणि आम्ही त्यांच्यामार्फत बोलत असू. "जावयांना विचार आमटी वाढू का." "आईंना म्हणावं पुरे." आता मध्ये कुणी नव्हतं. मी घाम पुसला. त्यांनी पदर सारखा केला. पुष्कळ वेळ गेला.

मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. साडीच्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली बघितलं. मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मी कानापर्यंत तापलो. पडदा तो, पलीकडचं सगळं ऐकू येणार. मी पटकन दाराकडे तोंड करून उभा राहिलो. समोर आग विझवायचं नळकांडं टांगलं होतं. त्यावरच्या सूचना मी मोठ्यांदा वाचायला लागलो. पिन ओढा. नळी आगीच्या बुंध्याशी धरा. दांडा दाबा. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शाळेत इन्स्पेक्टरसमोर वाचतात तसा मी खड्या आवाजात वाचत होतो. पाण्याचा आवाज थांबला तरी वाचतच होतो.

"पुरे आता," मागून आवाज आला. "पाठ झालं मला."

मी वळलो. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मलाही हसू आवरेना. हसता हसता त्या माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या. पहिल्यांदाच.

"चहा टाकते," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "कोरा चालेल ना? दूध तर गावात."

भट्टीसारख्या त्या डब्यात आम्ही कोरा चहा प्यायलो. नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला, आणि वारा घेत म्हणाल्या, "एक विचारू? ती कडी मला जाताना परत मिळेल ना? तिच्याशिवाय ट्रंक बंद नाही होत."

"जाताना म्हणजे?"

"ऑक्टोबरात." त्यांनी बशी खाली ठेवली. "दिवाळीच्या आत गेलेलं बरं."

त्यांनी दाराकडे बघितलं.

"आपण कोंडले गेलो म्हणून तुम्ही केवढे घाबरलात. सुरी वाकवलीत. मला इतकं काही वाटलं नाही बघा. सवय झालीय." हे त्या तक्रार म्हणून नव्हत्या सांगत. भाजी आणलीय असं सांगावं, तसं सांगत होत्या. "तिथे पेन्शन आणायला मी एकटी जाते. वाटेत लायब्ररी. रिक्षावाल्याशी भांडते. इथे मला दोरा हवा असला तरी कुणीतरी मोटार काढावी लागते. पत्र लिहिलं की तेवढी बाहेरच्या पेटीपर्यंत जाते, टपालवाल्याला कळावं म्हणून तो लाल झेंडा वर करते, आणि आत येते. झाला माझा दिवस."

"तुम्ही तिला बोलला नाहीत."

"कशी बोलू? सकाळी उठून माझ्यासाठी फुलं शोधते हो ती. मी आले तेव्हाच्या त्या थंडीतसुद्धा." त्यांचा पुठ्ठा थांबला. "मुलीला नाही म्हणता येत नाही. तुम्ही सांगाल?"

जावई म्हणून माझ्याकडे त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हणालो. कुलूप असेपर्यंत ठीक होतं. उघडल्यावर मला बाहेर जाऊन बायकोसमोर उभं राहायचं होतं.

मोटार आली तेव्हा आम्ही दुसरा चहा घेत होतो. कुलूप निघालं, दार उघडलं, आणि बायको दुधाचा गॅलन हातात धरून आमच्याकडे बघतच राहिली. घामानं निथळणारा नवरा, घामानं निथळणारी आई, दोघांच्या हातात पुठ्ठे, आणि आई नवऱ्यासमोर मांडी घालून बसलेली.

"डॅड, व्हाय डिडन्ट यू जस्ट येल?" मुलीनं विचारलं.

"तुम्ही आत होतात? अगं आई, मला वाटलं तुम्ही तळ्यावर..." बायकोचा आवाज चिरकला. ती आत येऊन आईच्या गळ्यात पडली आणि मग माझ्याकडे वळली. "आणि अहो, तुम्ही! कुलूप लावताना ओ द्यायची नाही?"

"मला वाटलं, तू नीट लावतेयस."

संध्याकाळी सासूबाई मुलांना घेऊन खरंच तळ्यावर गेल्या. बायको नळावर भांडी घासत होती, मी विसळत होतो. तेव्हा सांगितलं. सगळं, जसं त्यांनी सांगितलं तसं, फुलांचंसुद्धा. तिनं मान वर केली नाही. एकच पातेलं ती फार वेळ घासत राहिली.

"तिनं तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "मला नाही."

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं." तिनं नळ सोडला, पातेलं धुतलं, माझ्या हातात दिलं. झाडांतून मुलांचा आरडाओरडा येत होता आणि मध्येच सासूबाईंचा आवाज, पाण्यात जाऊ नका म्हणून.

"तिकीट मी काढीन," बायको म्हणाली. "तुम्ही स्वस्तातलं बघाल आणि तिला वाटेत कुठेतरी रात्र काढायला लावाल." मग तिनं पदराला हात पुसले. "आणि मी तिला एकदा विचारणार आहे, राहतेस का म्हणून. एकदाच. तेवढं विचारू द्या मला."