खारवलेलं मडकं

मसुऱ्याच्या शेवंतीची जीभ म्हणजे कोयता, असं अख्खी वाडी म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. पण कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की माणसं त्या कोयत्याचे वार सोसायला मुकाट्यानं तिच्या अंगणात येत, कारण बाळंतिणीला पाजायचं मधाचं आंबवलेलं आसव तिच्यासारखं कुणाला साधत नसे. एकोणीसशे पन्नास साल मागे पडलेलं, दारूबंदी जोरात. तरी गावात येणारा जमादार तिच्या मडक्याकडे काणाडोळा करी. त्याच्या बायकोची कंबर त्याच आसवानं सावरली होती.

आसवाचं हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. तिची लेक हिरा पहिल्याच बाळंतपणात गेली. त्या वर्षी शेवंतीनं आसव घातलं नव्हतं. घातलं असतं तर हिरा वाचली असती, असं कुणी वैद्य म्हणाला नाही. पण आईच्या मनाला कोण समजावणार? आणि आता सून पार्वती पौषात बाळंत होणार होती.

नवं भात घरात आलं तसं शेवंतीनं सासूच्या वेळचं मातीचं मडकं माळ्यावरून काढलं, धुपवलं. दशमुळांचा काढा, मध आणि तो आंबवणारी धायटीची फुलं घातली, तोंड फडक्यानं आणि चिखलानं लिंपलं आणि मडकं भाताच्या राशीत पुरलं. आसव जागं झालं की मडक्याला कान लावल्यावर आत चुरचुर ऐकू येते. ती रोज सकाळी कान लावी. काही नाही. थंडीनं आखडलं असेल म्हणून तिनं मडकं चुलीजवळ उबेला आणलं. फुलं जुनी असतील म्हणून नवी टाकली. तरी ढिम्म. मग राहता राहिला मध, आणि मध आणणारा बाबली.

“मधात पाणी घातलंस मा रे मेल्या?” तिनं त्याला भर वाटेत धरलं.

“भराडीदेवीची आण, काकी! एक थेंबय घालूक नाय,” बाबली म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

घरी येऊन तिनं आसवात बोट बुडवून चाखलं. गोड होतं, पण मागून जिभेवर काहीतरी चरचरलं. पुन्हा चाखलं. मीठ! मिठात आसव उठत नाही, हे सासूनं तिला सांगितलेलं. पण मधात मीठ आलं कुठून?

दाराआडून हुंदका ऐकू आला. पार्वती भिंतीला धरून उभी होती.

“आये, जेठात मिया त्या मडक्यात खारातले आंबे घातलंय. माका लय खावशे वाटत होते. मगे धुवन ठेवलंय.”

मातीचं मडकं ते. एकदा मुरलेलं मीठ धुऊन थोडंच जातं!

“तेव्हाच सांगूक नाय कित्याक गो?”

“भियालंय.”

शेवंतीच्या तोंडाशी आलेली शिवी तिथेच विरली. तेव्हा परसात कैऱ्यांचा सडा पडलेला, आणि डोहाळे लागलेल्या पोरीनं चार आंबे चोरून खावेत? हिरालाही काय काय खावंसं वाटलं असेल, आणि तीही अशीच भिऊन गप्प बसली असेल का? हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडला. ती तिथंच फतकल मारून बसली आणि ढसाढसा रडली. सासूला गप्प करता करता सुनेचं रडं थांबलं.

संध्याकाळी शेवंती स्वतः बाबलीच्या दारात गेली. “माजा चुकला रे,” म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून वाडीनं प्रथमच ऐकले. बाबलीनं घरात होता नव्हता तेवढा मध आणून दिला. नव्या मडक्यात नवं आसव पडलं, आणि एका सकाळी शेवंतीनं पार्वतीला हाक मारली, “हयसर ये गो. कान लाव.” आत चुरचुर चालली होती. पार्वती हसली.

पौषात ती सुखरूप सुटली. मुलगी झाली. आसवाचा पहिला घोट शेवंतीनं आपल्या हातानं पाजला.

सासूच्या त्या जुन्या मडक्यात तिनं पुन्हा आसव घातलं नाही, पण ते फोडलंही नाही. दर वैशाखात त्यात खारातले आंबे भरी, आणि वाडीतली कुणी गरोदर पोर दारात घुटमळली की आतूनच ओरडे, “हात घाल गो मडक्यात! इचारतंस कित्याक?”